कापसातला माईक

आमच्या घरात मी पहिला माईक उघडला, तेव्हा तो अगदी व्यवस्थित चालत होता.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. तामसीजवळच्या आमच्या गावात रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेला मी एकटाच. (कोर्स टपालाने केला, परीक्षाही टपालानेच दिली, पास झाल्याचं मात्र घरोघरी जाऊन स्वतः सांगितलं.) आणि गळा होता तो अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. रेडिओवाल्यांनी नव्या गाणाऱ्यांकडून कॅसेट मागवल्या होत्या. उन्हाळ्यात अक्काचं लग्न. सासरी गाऊ देतील की नाही, कोणी सांगावं? रेडिओवर गायचं तर त्याआधीच ठरायला हवं होतं.

आदिलाबादच्या बाजारात मी स्वस्तातला एक माईक मागितला. दुकानदार म्हणाला, "जोडी है भाई, तोड के नहीं देते." दोन घ्यावे लागले. एक डब्यातच ठेवला आणि दुसरा खोलला. आतला स्पंज काढला, जाळी कापली, आवाज पकडणारी कॅप्सूल बदलली, हाताशी होता म्हणून एक कंडेन्सरही बदलला.

"नवा माईक काऊन फोडून राह्यला बे?" बाबांनी विचारलं.

"फोडत नाही बाबा, सुधरवून राह्यलो."

"मंग बिघडला कवा होता?"

याचं उत्तर कोर्समध्ये नव्हतं.

घरात शांत जागा एकच, मागची खोली. भाव येईपर्यंत तिथं कापूस रचलेला, पार आढ्यापर्यंत. मधला कापूस उकरून आम्ही अक्काला बसायला जागा केली. ती गायली. टेप वाजवली. गाण्यातला श्वासन्‌श्वास ऐकू येत होता. बांगडीसुद्धा तालात वाजली होती. मायनं डोळ्याला पदर लावला. बाबा म्हणाले, "पोट्टं कामाचं हाय." (हे वाक्य ते आयुष्यात एकदाच बोलले, आणि तेही टेप बंद असताना.)

दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाचे गंगारामकाका आपला माईक फडक्यात गुंडाळून हजर. "शंकर, याले बी तसंच कर." मी त्याचाही स्पंज काढला.

महिना-दीड महिन्यानं रेडिओवाल्यांचा निरोप आला : गळा चांगला आहे, आणखी दोन गाणी पाठवा. तोवर कापूस विकला गेला होता. तीच खोली, तीच अक्का, तोच माझा सुधारलेला माईक. टेप लावली, तर अक्का विहिरीत पडून तिथूनच गात असल्यासारखी!

मी माईक पुन्हा उघडला. मग त्यात भुंगा शिरल्यासारखी घरघर सुरू झाली. आणखी सुधारला. मग भुंगाही गेला आणि अक्काही. माईक कायमचा मुका झाला. ज्या वस्तूच्या तारा माणूस स्वतःच्या हातानं डाख देऊन सांधतो, तिच्यावर तो पोटच्या पोरासारखा जीव लावतो. चांगलं झालं की तिच्यामुळे, आणि वाईट झालं की तिच्यात अजून थोडी सुधारणा राहिली म्हणून. खोलीकडे मी एकदाही पाहिलं नाही.

पाहिलं ते अक्कानं. "शंकऱ्या, इथं नुसतं बोललं तरी घुमते. कापूस होता तवा नव्हतं घुमत."

"कापसाचा काय संबंध?"

"मले काय माहीत? तुह्या कोर्सात नाही काय?"

कापूस तर सरकी काढायला जिनिंगच्या गिरणीत जाऊन पोहोचला होता. उरल्या गाद्या. घरच्या आणल्या, शेजारच्या आणल्या, शेवटी लग्नासाठी भरलेल्या नव्या कोऱ्या गाद्यांवर आमची नजर गेली. माय दारात आडवी उभी राहिली. "त्या गाद्यायले डाग लागला, तर तिच्या सासूले तूच सांगजो."

भर एप्रिलमध्ये चहूबाजूंनी गाद्या उभ्या करून अक्काला आत बसवलं. डब्यातला दुसरा माईक काढला, ज्याच्या स्क्रूला माझा हातही लागला नव्हता. ती घामानं निथळत दोन्ही गाणी गायली. टेप वाजवली. तोच श्वास, तीच बांगडी.

बाबांनी माईक हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा कोनी सुधरवला?"

"कोनीच नाही."

"तरीच."

अक्का रेडिओवर गायली. लग्न झाल्यावर तिचे सासरेच गावभर सांगू लागले, की सून आमची रेडिओवर गाते. नव्या गाद्यांवर डागही आढळला नाही. (उलटून कोणी पाहिलं नाही.) गंगारामकाका मात्र आले. "अन्‌ माह्या माईकचं कसं?" मी म्हटलं, "काका, भजनाले गाद्या घेऊन बसा." ते बसले. तिसऱ्या अभंगाला निम्मं मंडळ घोरत होतं, आणि घोरणं फार स्पष्ट ऐकू येत होतं.

स्वस्त माईक सुधरवावा की आहे तसा वापरावा, असं पोरं अजून मला विचारतात. खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. दोन्ही माईक एकाच जागी ठेवून ऐकायची बुद्धी झाली, तोवर त्यातला एक मी मारला होता. पण शिक्षण वाया गेलं नाही. आज आदिलाबादला माझं दुकान आहे, आणि ते चांगलं चालतं.

गाद्यांचं.