मूळच आहे, अण्णा

हे सुधीरलाही ठाऊक नाही. नवऱ्यापासून बाई काय लपवते? साडीची किंमत, माहेरची भांडणं. ते सगळं मी कधी ना कधी सांगून टाकलं. हे मात्र ओठांवर आलं की परत गिळलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही अण्णांना कधी पाहिलेलं नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. खानापूरला जंगल खात्यात कारकून होते. सासूबाई गेल्यावर मुलांनी त्यांना आळीपाळीने सांभाळायचं ठरवलं – काही महिने आमच्याकडे बेंगळुरात, काही महिने धाकट्या दिरांकडे पुण्यात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बनशंकरीत दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मी एका कंपनीत प्रोग्रॅमर, सुधीर कायम फिरतीवर. अण्णा आले ते एक ट्रंक आणि ओंडक्याला बांधलेलं एक झाड घेऊन. सीतेची वेणी, रानातलं ऑर्किड. वादळात पडलेल्या फांदीवरून त्यांनी ती सोडवून आणली होती. खानापूरच्या पडवीत उन्हाळ्यात तिला फुलांचा भरगच्च तुरा लोंबायचा. सासूबाई गेल्यापासून मात्र ती फुललीच नव्हती.

गॅलरीत, जिथे कोवळं ऊन येतं पण भाजत नाही, तिथे ती टांगली गेली. सकाळी पाण्याचा फवारा, पानांच्या बेचक्यात पाणी साचू द्यायचं नाही, मुळं कितीही वेडीवाकडी लोंबली तरी छाटायची नाहीत – हे सगळं अण्णांनी मला शिकवलं. मी हौसेने शिकले, हेही खरं. पानाच्या बुडातून नवं काही डोकावलं की ते मूळ आहे की फुलाचा दांडा, हे पहिल्या दिवसांत भल्याभल्यांना कळत नाही. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकाकतं. दांड्याचं टोक चपटं, टोकदार, खवल्यावर खवला चढवल्यासारखं. आणि बोट लावायचं नाही. अण्णा म्हणायचे, "कोवळ्या टोकाला हात लागला की ते रुसतंय बघ."

माणूस चांगला होता. चहा स्वतःचा स्वतः करून घ्यायचा, माझ्यासाठी भाजी निवडून ठेवायचा, कधी आवाज चढवला नाही. मग काय टोचत होतं मला? – काही नाही. तेच तर सांगायला अवघड जातं. सासू छळणारी असती, सासरा खवट असता, तर गोष्ट सरळ झाली असती. मला फक्त ऑफिसातून आल्यावर पाय पसरून बसायचं होतं आणि कुणाशी बोलायचं नव्हतं. दार उघडलं की समोर कॉटवर अण्णा, आणि "आलीस का गं?" रोज. त्या तीन शब्दांचा मला कंटाळा आला होता. बस, एवढंच.

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांकडे मीच घेऊन जायचे. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंबांवर जमेल तितकी टिकवायची, आणि ती फार दिवसांची नाही – हे डॉक्टर मला म्हणाले होते. अण्णांना मी सौम्य करून सांगितलं. म्हणजे त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

युगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आसपास दीर त्यांना न्यायला यायचे होते. मी मनात दिवस मोजत होते. त्याच आठवड्यात एका सकाळी अण्णा ओंडक्याशी नाक लावून उभे. मला हाक मारली.

"काहीतरी यायलंय बघ बुडात. मला हिरवं तेवढं दिसतंय. मूळ की दांडा, बघ की जरा."

मी वाकले. अण्णा मागून म्हणाले, "दांडा असला तर फूल बघूनच जाईन म्हणतो. मूळ असलं तर सरी, ठीक आहे, जातो आत्ताच."

चपटं टोक होतं. खवल्यावर खवला. शंकेला जागा नव्हती. त्यांनीच शिकवलं होतं मला. आणि मी म्हणाले, "मूळच आहे, अण्णा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर? – मी तेच सांगितलं असतं.

ते गेले. घर मोकळं झालं, मी पाय पसरून बसले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दांडा वाढत गेला, वळून खाली झुकला, मे महिन्यात फुलला. असा फुलला की खालून जाणारी माणसं मान वर करून बघायची. सुधीर दौऱ्यावरून आला, म्हणाला, अण्णांना कळव. मी म्हटलं, कळवलं. कपाटात कॅमेरा होता, त्यात रोलही होता. फोटो काढला नाही. फोटो म्हणजे पुरावा. मी रोज सकाळी फवारा मारायचे आणि एकटीच ते फूल बघत उभी राहायचे – त्यांच्या वाट्याचं. मग ते सुकलं. मी दांडा कात्रीने कापला, थोडासा खुंट राहिला.

अण्णा दिवाळीनंतर परत आले तेव्हा उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हतं. चाचपडत पहिल्यांदा गॅलरीत गेले. पानांवरून, मुळांवरून बोटं फिरवली, आणि त्या खुंटावर ती थांबली. कितीतरी वेळ. मी दारात उभी होते.

"मूळ तुटलं वाटतं," ते म्हणाले.

मी "हो" म्हणाले.

त्यांना कळलं होतं का? जंगल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मुळाचा आणि दांड्याचा खुंट वेगळा लागत नसेल? मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले की नसेल कळलं. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी काहीही बघायला सांगितलं नाही. घड्याळ नाही, पत्र नाही, औषधाची बाटलीही नाही. बोलणं तसंच गोड. "आलीस का गं?" तसंच. बघायला मात्र कधीच नाही.

पुढच्या वर्षी नवा कोंब आला. तो त्यांनी स्वतःच बोटाने ओळखला, आपलाच नियम मोडून. झाड रुसलं नाही. फुललं. त्या दिवशी मी घरातच होते, चार पावलांवर. अण्णांनी भिंतीपलीकडच्या सरोजा अक्कांना हाक मारली आणि कसं दिसतंय ते कन्नडमध्ये विचारलं.

"बिळी इदे, अण्णा. स्वल्प पिंक," अक्का म्हणाल्या. पांढरं आहे, जरासं गुलाबी.

अण्णांनी विचारलं, ठिपके आहेत का? कसे आहेत? आणि मधली पाकळी?

अक्का हसल्या. चष्मा आत राहिला होता म्हणे, एवढं बारीक कुठून दिसणार.

"सरी, सरी," अण्णा म्हणाले, आणि चेहरा तुऱ्याकडे करून उभे राहिले.

ठिपके जांभळे होते. मधली पाकळी त्याहून गडद. मला पाठ होतं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. मळत राहिले.