रंगारी आबा आणि मेहकरची परीक्षा

आमच्या आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मी लिहायला बसले की ते माझ्या डोक्याशी येऊन उभे राहत. बसत नसत. हात मागे बांधून उभेच, आणि नजर पाटीवर नव्हे, माझ्या हातावर. पेन्सिल चालू आहे तोवर आबा खूश. ती जरा थांबली की वरून आवाज यायचा, "थांबली काऊन वं?" मी म्हणायची, "इचार करून राह्यली ना, आबा." त्यावर उत्तर ठरलेलं. "इचार चालता चालता कर. हात थांबू नको देऊ."

आबा म्हणजे माझे वडील. देऊळगाव राजात बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत आमचं रंगाऱ्याचं काम चाले. लुगडी, पागोटी, सतरंजीचं सूत, जे येईल ते. रंगाच्या हंड्यात कपडा टाकला की तो सारखा हलता ठेवावा लागतो. हात थांबला की कपड्यावर डाग पडतो आणि मग तो काही केल्या जात नाही. हे खरंच आहे, मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण त्यावरून आबांनी ठरवून टाकलं होतं की अभ्यासाचंही तसंच असणार. माणसाला एकच विद्या येत असली की ती त्याला सगळीकडे लावावीशी वाटते, आणि आबांची ती सगळी लावालाव माझ्यावर चालली होती.

त्यांचं दुसरं शास्त्र तीन बुडव्यांचं. एका बुडवीत रंग चढत नाही; कपडा बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा, असं तीनदा. म्हणून धडा मी एकदा वाचला की आबा मला अंगणात उन्हात उभी करत. "वाळू दे जरा." मग आत येऊन पुन्हा वाचायचा, पुन्हा उन्हात. वऱ्हाडातला चैत्र काय असतो ते ज्यांनी सोसलाय त्यांना वेगळं सांगायला नको. माय चुलीपासून ओरडायची, "लेकरू हाय ते, लुगडं नाई!" आबा ऐकून न ऐकल्यासारखं करत. तिसऱ्या वाचनाला माझं डोकं इतकं तापलेलं असायचं की पहिल्यांदा वाचलेलंही उडून जाई.

हा सगळा खटाटोप मेहकरच्या शाळेसाठी होता. आमच्या गावात मुलींची शाळा चौथीपर्यंत. मेहकरला नुकतंच एक खाजगी हायस्कूल निघालं होतं, पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत, मुलींसाठी राहायची सोय असलेलं. जागा मोजक्या, आणि घ्यायचं ते परीक्षा घेऊन. जालन्याच्या आत्यानं माझ्यासाठी एक स्थळ हेरून ठेवलं होतं आणि शाळेचं जमलं नाही तर दोन वर्षांत बार उडवून टाकू, असं तिचं चाललं होतं. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात. आमच्याकडचे, इंग्रजी राज्यातले, लग्नाच्या वयाचे कायदेकानून नाक्यापलीकडे कोणी विचारत नसे. गल्लीतले लोक आबांना म्हणत, पोरीला एवढं शिकवून काय करता? आबा म्हणत, "माह्याकडं हेच एक लेकरू हाय. मंग कोणाले शिकवू?" एवढंच. वाद घालायचा नाही, समजावून सांगायचं नाही, काही नाही.

शिकवायला त्यांनी एक पेन्शनीतले गुरुजी लावले. फीच्या बदल्यात त्यांची पागोटी रंगवून द्यायची, असा करार होता. गुरुजी भिडस्त, आबा दर आठवड्याला त्यांच्या डोक्यावरचं पागोटं काढून घेत आणि आपल्या मनाला येईल त्या रंगात बुडवून परत देत. माझी गणितं चुकली की गुरुजींना साधा बदामी रंग मिळे आणि बरोबर आली की केशरी. गावभर लोक गुरुजींचं पागोटं पाहून माझा अभ्यास कसा चाललाय ते ओळखायला लागले. एका आठवड्यात तर त्रैराशिकानं घोळ घातला आणि बिचारे गुरुजी मातकट रंग डोक्यावर घेऊन बाजारातून फिरले. माझ्या चुकांची अशी दवंडी पिटली गेलेली मला अजून आठवते आणि अजून राग येतो.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे नापास पोरं. मागच्या साली मेहकरच्या परीक्षेला बसून आलेली तीन-चार पोरं आसपास होती. आबांनी पास झालेल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पास झालेल्याले काय माहीत, कुठं पाय घसरते ते? नापासाले इचार." मग एकेका नापास पोराला घरी आणायचं, चहा-शेव द्यायची आणि माझ्यासमोर बसवून विचारायचं, "सांग बाबू, तू कुठं बुडाला?" पोरंही शेवेच्या लोभानं आपल्या फजितीच्या कथा मीठमसाला लावून सांगत. एकाला भीतीनं स्वतःचं नाव आठवेना, एकाच्या दौतीत माशी पडली, एक तर दुसऱ्याच गावच्या शाळेत जाऊन बसला होता. परीक्षा जवळ आली तोवर पास कसं व्हायचं ते मला कोणीच सांगितलेलं नव्हतं. नापास व्हायच्या सगळ्या वाटा मात्र मला तोंडपाठ होत्या.

लढाईचे दिवस होते. विलायती रंग मिळेनासे झाले होते, तशा शाईच्या वड्याही बाजारातून गायब. शाळेनं कळवलं की शाई-दौत-टाक ज्याचं त्यानं आणावं. आबांना हे ऐकून इतका आनंद झाला की काय सांगू. एवढे दिवस त्यांना माझ्या अभ्यासात नुसतं उभं राहावं लागत होतं, आता हात घालायला मिळाला. त्यांनी हिरडा कुटला, उकळला, त्यात हिराकसाचे हिरवे खडे टाकले, डिंक घातला, दोनदा फडक्यातून गाळलं आणि बाटलीत भरून वरून मेणानं तोंड बंद केलं. मी म्हटलं, जरा लिहून तर बघू द्या. "नाई. परीक्षेची शाई परीक्षेलेच उघडाची." नव्या लुगड्याची घडी सणापर्यंत मोडत नाहीत, तसं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. कोळशावर चालणारी मोटार सुलतानपूरला येऊन बंद पडली ती तासभर हलेना. सगळे उतारू खाली उतरून बाभळीच्या सावलीला बसले आणि आबांना आयतीच सभा मिळाली. "हे माही पोरगी. मेहकरले परीक्षेले चालली. इचारा तिले कायबी." कोणी दिडकीचा पाढा विचारला, कोणी नद्या विचारल्या. आंब्याच्या पाट्या घेऊन निघालेला एक बागवान होता, त्याला माझी दया आली. तो म्हणाला, "अरे भाई, बच्ची को पानी तो पीने दे." मला त्या माणसाबरोबर निघून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताचा पेपर. मी बाटलीचं मेण खरवडलं, शाई दौतीत ओतली, टाक बुडवला आणि पहिलं गणित लिहिलं. कागदावर काही उमटेचना. उमटलं ते इतकं फिकं, की पाण्यानं लिहिल्यासारखं. मी तीच ओळ पुन्हा गिरवली, मग तिसऱ्यांदा. खिडकीबाहेर आबा उभे होते. माझा हात चाललेला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर कोण समाधान! मी एकेक आकडा गिरवत गेले, रडत गेले, आणि घंटा झाली तेव्हा शेवटची दोन गणितं हाताशीही आली नव्हती.

बाहेर आल्या आल्या मी आबांवर तुटून पडले. "शाई फिक्की हाय! काईच दिसत नाई!"

"आज नाई दिसणार," आबा शांतपणे म्हणाले. "हिराकसाचा काळा हवेनं चढते. उद्या पाह्य, कसा कोळशावानी होते."

"मंग तुमी सांगितलं काऊन नाई?"

आबा खरोखरच गोंधळले. "त्यात सांगाचं काय? कोणाले माहीत नाई?"

यावर मी कपाळाला हात लावला. रंगाऱ्याच्या घरात जे हंड्यालाही ठाऊक असतं, ते अख्ख्या जगाला ठाऊक असणार, हा त्यांचा हिशेब. दुपारचा भाषेचा पेपर मी शेजारच्या मुलीच्या दौतीत टाक बुडवून लिहिला. आणि त्या दिवशीच पेपर तपासायला घेणार आहेत हे कळल्यावर आबा जे उठले, ते हेडमास्तरांच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"माह्या पोरीचा पेपर आज नका पाहू, साहेब. उद्या पाहा."

हेडमास्तर उंच, चष्मेवाले, देशावरून आलेले. ते म्हणाले, "का बरं?"

"रंग चढू द्या."

त्यांनी दोनदा समजावलं, एकदा दरडावलं. शिपायानं हात धरून बाहेर काढलं, तर आबा दुसऱ्या दारानं आत हजर. ज्या शाळेत मला घ्यायचं की नाही हे ठरणार, तिथल्या हेडमास्तरांशी माझे वडील असे हुज्जत घालताहेत हे बघून मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. शेवटी सुटका करून घ्यायला म्हणून हेडमास्तर म्हणाले, "बरं, हिचा उद्या बघतो." आम्ही देवळाच्या ओवरीत मुक्काम केला. मी आबांकडे पाठ करून झोपले.

सकाळी हेडमास्तरांनी माझा पेपर काढला. काळाकुट्ट. तीन-तीनदा गिरवलेले आकडे असे फुगून उठले होते की दारातूनही वाचता यावेत. ते कितीतरी वेळ कागद उजेडाकडे धरून बघत राहिले. मग मला विचारलं, "शेवटची दोन गणितं का सोडलीस?"

माझा बांध फुटला. "सोडली नाई! गिरवता गिरवता येळच गेला! आबांनी सांगितलंच नाई मले! काईच सांगत नाई ते, नुसते डोक्यावर उभे राह्यतात!"

हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी मला फळ्याशी नेलं, खडू दिला आणि राहिलेल्यांपैकी एक गणित लिहून दिलं. मी खडू टेकवते न टेकवते तोच मागून आलं, "चालू दे, चालू दे. थांबू नको." हेडमास्तर वळले. "तुम्ही बाहेर थांबा." आबा हलेनात. "मी नाई बोलत काई." "बाहेर," हेडमास्तर म्हणाले, आणि आबांच्या तोंडावर दार लागलं.

खोली शांत झाली. मी खडू फळ्यावरून उचलला आणि गणित वाचलं. पुन्हा वाचलं. कोणी काही म्हणालं नाही. किती वेळ मी तशी उभी होते कोण जाणे, पण मग ते गणित मला सरळ दिसायला लागलं आणि मी ते चार ओळींत सोडवलं. मग त्यांनी दुसरं घातलं, ते मात्र चुकलं. संध्याकाळी यादी लागली, तिच्यात माझं नाव सगळ्यात शेवटी होतं. आबांनी ते दोन अनोळखी माणसांकडून वाचून घेतलं आणि मग मला उचलून घेतलं, मी दहा वर्षांची घोडी असून.

परतीच्या मोटारीत मात्र त्यांनी सभा भरवली नाही. सुलतानपूर मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "मी खिडकीतून पाहून राह्यलो होतो. तुहा हात थांबला होता."

"हाव."

"अन् तरी आलं तुले."

"थांबला म्हणूनच आलं, आबा."

आबा बाहेर बघत राहिले. मला तेव्हा फार बरं वाटलं. जिंकल्यासारखं.

जूनमध्ये त्यांनी मला मेहकरला पोचवलं. सोडून जाताना काही सूचना नाहीत, काही नाही. ट्रंक उचलून आत ठेवली आणि गेले. दिवाळीला मी घरी आले तर घर बदललेलं. मी पुस्तक घेऊन बसले की आबा चपला हातात घेऊन जात. मायला म्हणत, "हळू बोल, ते वाचून राह्यली." मला वाटलं, सुटले एकदाची.

त्याच सुट्टीत जालन्याच्या एका कापडवाल्याचं पत्र आलं, त्याच्याकडे गेलेल्या काळ्या लुगड्यांवर तपकिरी झाक येते म्हणून. मी ते वाचून दाखवलं. आबा माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "याले काय लिहाचं, ते सांग."

"मी काय सांगणार?"

"इंग्रजी शाळेत शिकते तू. तुले माह्यापेक्षा समजते."

एवढी वर्षं हंड्यावर घालवलेला माणूस मला, मला विचारत होता की काळा रंग तपकिरी का पडतो! माझं डोकंच फिरलं. मेहकरला शिकलेल्या स्वच्छ मराठीत मी त्यांच्यावर ओरडले, "आबा, तुम्हाला एवढंही कळत नाही का? रंग तुमचा! उत्तर तुम्ही सांगायचं, मी फक्त लिहायचं!"

मायचा हात पोळपाटावर थांबला. मला वाटलं, आता बसते मुस्काटीत. बसायलाच हवी होती.

आबा हसले. "हाव," ते म्हणाले. "नाई समजत मले." आणि तोंडावर असं समाधान, की जणू मी त्यांना हार घातला होता. त्या दिवशी ते ओटा सोडून हलले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "पोरगी आता मले रागावते. शाळा चांगली हाय."

मी आत बसून सगळं ऐकत होते. बाहेर जाऊन त्यांना गप्प करावं असं वाटत होतं, आणि त्याहून जास्त वाटत होतं की त्यांनी आत यावं आणि माझ्यावर चांगलं खेकसावं, पूर्वीसारखं. पुढे मी मॅट्रिक झाले, स्वतः मास्तरीण झाले, आबांना पत्र वाचून दाखवायला नातवंडं आली. पुष्कळ वर्षं जगले आबा. मला पुन्हा एकदाही रागावले नाहीत.