कागदावरचा पंजा

“वकीलसाहेब, सहीच्या आधी ह्या पोरीला अर्ज वाचून दाखवा की,” अंबडच्या कोर्टाबाहेर टाइपरायटरमागे बसलेल्या बाई म्हणाल्या.

मी त्या वकिलांनाच भेटायला आले होते. आमच्या ऑनलाइन यादीत घटस्फोटाचे वकील घेण्याआधी त्यांना तपासणं हे माझं काम. यांची सनद, अनुभव, सगळं बरोबर होतं. फक्त मंजुरी द्यायची राहिली होती.

“मावशी, तुम्ही टाइप करा. वकिली मी करून राह्यलो ना?” वकील हसले.

बाईंनी घटस्फोटाचा अर्ज मशीनमधून काढला, पण दिला नाही. त्यावर पंजा ठेवला आणि दुसऱ्या हातानं निवांत चहा पीत राहिल्या. त्यांचं हे रोजचंच असावं, कारण शेजारचा टायपिस्ट गालात हसला. शेवटी वकिलांनी भराभर वाचायला घेतलं. ‘मुलगी वडिलांकडे राहील’ हे वाक्य येताच त्यांची पक्षकार, कुंभार पिंपळगावची एक तरुण बाई, ताडकन उठली.

“असं म्या कवा म्हणलं? लेक माझ्याकडंच राहील!”

“बरं, करू दुरुस्त,” वकील पुटपुटले.

टायपिस्ट बाईंनी कोरा कागद आधीच चढवला होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सनद तर समद्यांकडं असती, ताई. वाचून कोण दाखवतं, ते बघा.”

माझ्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. एरवी मी नकार ईमेलनं कळवते. समोर बोलायचं मी टाळते. तेव्हा मात्र टाळलं नाही. मी फाइल मिटली.

“सर, तुमचं नाव आमच्या यादीत येणार नाही.”