चौकीवरची लढाई आणि इंचाचा टेप

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथेच लिहिते.

आमच्या दूधविनायकच्या अरुंद गलीतून मोठं टेबल आणणं शक्यच नाही. त्यामुळे आम्ही छोट्या खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया झोपायच्या लाकडी चौकीवर खेळतो. नियम सोपा आहे: खेळाच्या नियमांच्या पुस्तकात जिथे इंच लिहिलाय, तिथे सेंटिमीटर धरायचा. सैन्याची चाल, तोफेचा पल्ला, सगळंच.

आज पुण्याहून बँकेत बदली होऊन आलेले समीरदादा पहिल्यांदा खेळायला आले. चाल त्यांनी सेंटिमीटरने मोजली. तोफ डागायची वेळ आली, तर टेप उलटवून इंचाची बाजू लावली. चौकीच्या त्या टोकाची तोफ थेट माझ्या घोडदळावर. घोडे अजून जागचे हललेही नव्हते.

मी म्हटलं, "दादा, तोफ पण सेंटिमीटरनेच."

ते हसले. "अगं, एवढ्याशा चौकीवर कसले नियम? खरा खेळ मोठ्या टेबलावर."

मी सगळे घोडे उचलून डब्यात ठेवले. चहासुद्धा विचारला नाही.

अहो, जागा कमी असते तिथेच नियम जास्त पाळावे लागतात. आमच्या गलीत समोरून खांद्यावर प्रेत घेऊन अर्थी आली की स्कूटरवाला गाडी बंद करून भिंतीला चिकटतो. त्याला सांगावं लागत नाही. म्हणून तर तेवढ्या गलीतून सगळेच जातात.

तुमच्याकडे येतात का असे पाहुणे, जे चालतात तुमच्या मापाने आणि मारतात स्वतःच्या? त्यांना तुम्ही परत बोलावता?