साच्यावरची दुसरी खूण

मास्तरांना तोंडांची किळस येई, हे ऐकून कुणालाही हसू यावं. कारण गेली एकतीस वर्षं त्यांचं पोट दुसऱ्यांच्या तोंडांवरच चाललं होतं. मास्तर कवळ्या बनवत. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई माप घेत; खालच्या दोन खोल्यांत त्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा निघे, साच्यावर मेणात दात बसत, ते एकदा माणसाच्या तोंडात घालून बघायचे आणि मग मेणाच्या जागी पक्क्या गुलाबी हिरड्या करायच्या. लाळ, कुबट वास, ओठांच्या कोपऱ्यात वाळलेली घाण, सगळं मास्तर नाक न मुरडता सोसत. मुरडायचं ते घरी जाऊन, हात साबणानं चारदा धुताना.

काम मास्तरांचं असं दारावरची पाटी म्हणे. पण दात बसवायचा त्यांचा जोडीदार मेण्या. मास्तरांचा हात जड. त्यांनी बसवलेले दात कवायतीला उभे केल्यासारखे दिसत. मेण्या माणसाकडून तरुणपणीचा फोटो मागून घ्यायचा, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायचा आणि एखादा दात मुद्दाम जरासा तिरका ठेवायचा. मग कवळी कवळी वाटतच नसे. एका म्हातारीनं आरशात बघून त्याचा हात धरला होता आणि ती तो सोडायला तयार नव्हती. मास्तरांना त्या दिवशी हेवा वाटला होता. त्यांनी तो लपवलाही नव्हता. "माझ्या दुकानात माझीच किंमत नाही," म्हणून दिवसभर मेण्याला छळलं होतं.

बावीस वर्षं दोघं एकाच बाकावर बसले. साचा वाळला की त्याच्या बुडाला दोघंही खिळ्यानं आपापली खूण कोरत. कवळी टोचते म्हणून परत आली तर कुणी कुणाला शिव्या द्यायच्या ते कळावं म्हणून. मास्तरांचा त्रिकोण. मेण्याचं त्याच्या लिपीतलं एक अक्षर. हो, लिपी वेगळी होती, कारण धर्म वेगळा होता. शहर बरं असे तेव्हा हे कुणाच्या ध्यानात नसे.

त्या वर्षी शहर बरं नव्हतं. तीन दिवस जाळपोळ झाली, अकरा माणसं मेली. मग शांतता आली. मास्तरांना विचाराल तर ते म्हणतील, जाळपोळीपेक्षा ही शांतताच जास्त ओंगळ होती. रस्ते वाटले गेले, दवाखान्यातली बाकं वाटली गेली, लोक दूध घ्यायलासुद्धा लांबच्या 'आपल्या' दुकानात जाऊ लागले. ज्यांनी रॉकेलचे डबे पुरवले तेच शांतता समितीत चहा पीत बसले. त्यातला सगळ्यात मोठा, म्हणजे मास्तरांच्याच धर्माचा पुढारी, येत्या रविवारी शांतता सभेत भाषण करणार होता. पण ओरडून ओरडून त्याची जुनी कवळी सैल झाली होती आणि 'स' म्हणताना शिट्टी वाजत होती. नवी हवी होती. गुडघ्यांमुळे जिना चढवेना, म्हणून मेणातले दात तोंडात घालून बघायला शुक्रवारी तो खालीच येणार होता.

"साहेब आपल्याकडे!" मास्तरांची बायको हरखून गेली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मेण्याभाऊजींना त्या दिवशी सुट्टी द्या हो. उगाच कशाला?"

सुट्टी देऊन चालणार नव्हतं. दात मेण्यानं बसवले होते. ते तोंडात कसे बसतात, कुठे हलतात, हे त्यालाच कळणार होतं. मास्तरांनी मधला मार्ग काढला. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. वाद नको, हे दोन शब्द बोलून त्यांनी भावाला घराचा मोठा हिस्सा सोडला होता, शेजाऱ्याला भिंत पुढे घेऊ दिली होती.

"तू आतल्या खोलीत बस," ते मेण्याला म्हणाले. "पडद्यामागून आवाज ऐक. शिट्टी वाजली तर कळेलच तुला."

"बसतो की," मेण्या म्हणाला. "पण मास्तर, त्यानं विचारलं तर?"

"कशाला विचारेल? आणि विचारलं तर मी आहे ना."

पुढारी आला, खुर्चीत मावेना असा बसला आणि तोंड उघडलं. मास्तरांच्या बोटांना त्या हिरड्या गिळगिळीत लागल्या. मेणातले दात आत घातल्याबरोबर तो बोलू लागला, थांबेना. "शांतता हवी तर ज्यानं त्यानं आपापल्या जागी राहावं. त्यांना डोक्यावर बसवलं म्हणून हे दिवस आले. खरं की नाही?" थुंकीचा एक थेंब मास्तरांच्या चष्म्यावर पडला.

"खरं," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून दोनदा पुसला. त्या माणसामुळे, की स्वतःच्या 'खरं'मुळे, ते बघायला त्यांना सवड नव्हती.

"झकास बसलेत दात. कोण म्हणेल कवळी आहे!" पुढाऱ्यानं बाकावरचा साचा उचलला. "हा माझा जबडा?" हसत त्यानं तो उलटा केला आणि हसू मावळलं. "हे अक्षर त्यांच्यातलं. कुणी कोरलं?"

पडद्यामागे स्पिरिटचा दिवा जळत होता. त्याचा उजेड कापडातून दिसत होता. माझा जोडीदार, शहरातला सगळ्यात चांगला हात, एवढंच म्हणायचं होतं. मास्तरांनी तोंड उघडलंही.

"ते होय? आमच्याकडे झाडलोट करतो एक जण. खरडलं असेल काहीतरी."

"माझ्या दातांना हात लावला नाही ना त्यानं?"

"छे, छे! दातांना मी कुणाला हात लावू देत नाही."

पुढारी समाधानानं मागे रेलला. "झाडलोटीला ना नाही. आपण काही माणुसकी सोडलेली नाही. तेवढं अक्षर घासून टाका."

मास्तरांनी कानस घेतली. प्लास्टरवर कानस कशी करकरते ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक, आणि पडद्यामागच्या माणसानं ते हजारदा ऐकलं होतं. चिमूटभर पांढरी भुकटी फरशीवर पडली. पुढचे वरचे दोन दात किंचित आत घ्यायला हवेत, उद्या सकाळी कवळी मिळेल, असं सांगून त्यांनी पुढाऱ्याला दारापर्यंत पोचवलं. परत आले तेव्हा आतला दिवा विझला होता. सुरी पुसून, फडक्यात गुंडाळून बाकावर ठेवली होती.

मेण्या कोपऱ्यातला झाडू घेऊन बाहेर आला.

"अरे, मी काय मुद्दाम बोललो?" मास्तर म्हणाले. "तुझ्याच भल्यासाठी बोललो. नाव सांगितलं असतं तर उद्या दुकान राहिलं असतं का? तू राहिला असतास का?"

मेण्यानं झाडायला सुरुवात केली. घाई न करता, भिंतीच्या कडेकडेनं.

"चिडलास? चिड. दोन शिव्या दे. पण हे दोन दात आत घे रे. माझा हात तुला माहितीय."

"दातांना तुम्ही कुणाला हात लावू देत नाही," मेण्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांनी तो झेलला असता.

मास्तर बाकावर बसले. स्वतःच दिवा पेटवला, सुरी तापवली. मेण वितळलं, दात कलला, सरळ केला तर दुसरा कलला. आपल्या तोंडाला वास येतोय असं त्यांना वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या तोंडाची किळस आली. झाडू बाकाखाली आला आणि थांबला.

"साहेब, पाय वर घ्या."

आणि मास्तरांनी पाय वर घेतले.