आढ्याजवळची बाटली

स्पिरिटचा वास आला की अमरावतीच्या दवाखान्यातली एक दुपार आठवते. थोरल्या भावाला यकृताचा कॅन्सर होता. औषध थेट यकृतात जावे म्हणून डॉक्टरांनी तिथल्या धमनीत नळी घातली होती. रक्त नळीत उलटे चढू नये म्हणून बाटली पार आढ्याजवळ टांगली होती आणि त्याला उठून बसायची मनाई होती. “मले बसव ना, पाठ जळून राहिली,” तो म्हणाला. “औषध उतरू दे, दादा, मंग बसवतो.” “ते खाली येते का मी वर जातो, पाहू. तुले आस हाये म्हून पडून हावो मी.” औषधाचा उपयोग होत नाही, हे डॉक्टरांनी मला सकाळीच सांगितले होते. तरी मी त्याला उठवले नाही, आणि तो तसा पडल्या पडल्याच गेला. आज मी त्याच्याहून वयाने मोठा आहे. त्याला खरे सांगावे लागू नये, एवढ्यासाठीच मी त्याला बसवले नव्हते.