कंप्रेसरवरचं कुंकू

कुवेतात एसी बंद पडला की माणसाला आधी देव आठवायचा, मग जगन्नाथ. माणदेशातला हा गडी शुवैखला फारूकभाईंच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. फारूकभाई खेडचे. त्यांची दोन मोठी गिऱ्हाइकं : रशियनांचं ऑफिस आन् अमेरिकनांचा बंगला. एक्क्याऐंशी साल. दोघांनी एकमेकांवर अणुबॉम्ब रोखलेले, आन् दोघांच्या गच्चीवरची मशिनं आवळायचा पाना एकच, जगन्नाथचा.

दोघंबी त्याची पिशवी उलटी करून बघत. रशियन विचारी, "तिकडं नवीन तारा दिसल्या का?" अमेरिकन विचारी, "तिकडं माणसं किती राहतात?" जगन्नाथ दोघांना सांगे, "साहेब, मी कंप्रेसर बघतो." त्यानं दोघांचा संशय आणखीच वाढे.

त्या खंडेनवमीला त्यानं जलीब वस्तीतल्या आपल्या खोलीत पाने-पकडी पुजल्या. मग वाटलं, ज्यांच्यावर आपलं पोट चालतं ती मशिनं कोरडी का ठेवायची? कामावर गेला तेव्हा दोन्हीकडच्या सगळ्या मशिनांना त्यानं हळदीकुंकवाची बोटं ओढली.

दोन दिवसांनी फारूकभाईंनी त्याला बोलावलं.

"जगन्या, काय लावून आलास तिकडं?"

"कुंकू."

"रशियन म्हणतो ही अमेरिकेची खूण. अमेरिकन म्हणतो रशियाची. बॉम्ब टाकायचं घर ओळखू यावं म्हणून केलीय म्हणे."

"बोटभर कुंकू इमानातनं दिसंल व्हय?"

"मला काय सांगतोस? त्यांना सांग. हे काम गेलं तर तुझा इकामा, इथं राहायचा परवाना, गेला. पुढच्या विमानानं गावाला."

जगन्नाथनं दोन्हीकडं हात जोडून सांगितलं. पटलं कुणालाच नाही. दोघांनी फोटो काढले, कुंकू खरवडून बाटलीत भरलं आन् उरलेलं त्याच्याकडनं रॉकेलनं पुसून घेतलं. काम राहिलं, पण तेव्हापासनं तो गच्चीवर गेला की कुणीतरी खुर्ची टाकून समोर बसू लागलं. साधा नट काढायचा तरी त्याला आधी तोंडानं सांगावं लागे.

पुढच्या खंडेनवमीला त्यानं शहाणपण केलं. पूजा खोलीतच उरकली आन् कोऱ्या हातानं रशियनांकडं गेला. तिथला हिंदी शिकलेला साहेब एकेक मशीन वाकून बघत फिरला.

"आज तुमचा सण ना?"

"व्हय, साहेब."

"मग यंदा लाल खूण का नाही?"

"तुम्हीच पुसायला लावली की."

"पुसायला सांगितली. लावू नको असं कुठं सांगितलं? धर्म वर्षात बदलत नाही. खूण बंद करायला कुणी सांगितलं तुला? अमेरिकनांनी?"

लावलं तर हेर, नाही लावलं तर पक्का हेर. त्यानं खालून फारूकभाईंना फोन केला.

"लाव बाबा," फारूकभाई म्हणाले. "म्हणेल तिथं लाव, म्हणेल तेवढं लाव."

जलीबला जाऊन त्यानं कुंकवाचा पुडा आणला. साहेबानं तो हुंगला, चिमूटभर कागदात बांधून घेतलं आन् खिशातनं गेल्या वर्षीचा फोटो काढला. जगन्नाथनं बोट टेकवलं.

"थोडं डावीकडं," साहेब म्हणाला.

जगन्नाथनं बोट डावीकडं सरकवलं. त्याच्या बापानं जन्मात इतकी काटेकोर पूजा केली नव्हती. साहेबानं फोटो मशीनशेजारी धरला, दोनदा ताडून बघितला आन् मान हलवली. नोकरी राहिली.

पुडा पिशवीत घालून जगन्नाथ शिडी उतरला आन् अमेरिकनांच्या बंगल्याकडं निघाला. अमेरिकनांनी फोटो कुठल्या बाजूनं काढला होता, ते त्याला काही केल्या आठवत नव्हतं.